पडद्यावर अडकणारी कात्री

आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. समोर जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा जुना लॅपटॉप, आणि त्याच्या पडद्यावर आईचाच उजवा हात, कात्री धरलेला. जांभळ्या कापडावर ब्लाऊजच्या मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापाची, खडूची रेघ होती आणि तिच्यावरून कात्री चालली होती. चालली होती म्हणजे, चालायची, थांबायची, अंमळ तशीच राहायची आणि मग एकदम दोन बोटं पुढे गेलेली दिसायची. की पुन्हा थांबायची.

"हे असं काय दिसतंय?" आईने विचारलं.

"असू दे. होईल ते नीट नंतर," मी म्हणाले.

बस, एवढंच. मी तेव्हा एकवीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करत होते. दोष काय आहे, कुठे दिसतो, कशामुळे असावा, हे परक्या माणसालाही वाचून कळेल असं लिहिणं हेच माझं काम. "आई, तुझा हात थांबत नाहीये, लॅपटॉप थांबतोय" एवढं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं नाही असंही नाही. मी दमलेली होते आणि मला बोलायचा कंटाळा आला. आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी जे सुरू झालं त्यातून पुढे तिने कात्री कायमची खाली ठेवायचं ठरवलं, आणि मला ते कळायला पाच आठवडे लागले.

आई ब्लाऊज शिवते आणि शिकवते. मी शाळेत होते तेव्हा कर्वेनगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत तिचा क्लास चालायचा. पाच-सहा मुली, दोन मशिनं आणि जमिनीवर पसरलेली रद्दीची वर्तमानपत्रं, कारण नव्या मुलीला पहिले दोन महिने ती कापडाला हात लावू द्यायची नाही. वर्तमानपत्रावरच बेतायचं. पुढे सगळंच बदलत गेलं. तयार कपड्यांची दुकानं आली, कंपन्या आल्या, शिवणाला येणाऱ्या मुली संगणकाच्या क्लासला जाऊ लागल्या, आणि त्यातली एक तर घरातलीच निघाली. आईला वाटलं, आता आपलं आटोपलं. पण तयार कपडे घालणाऱ्या बायकांवरही साडी नेसायची वेळ येतेच, आणि अंगासरशी बसणारा ब्लाऊज काही दुकानात टांगलेला मिळत नाही. मी नोकरीला लागले त्याच वर्षी आईकडे नोकरदार बायकांची शनिवारची रांग लागली. माझ्यापेक्षा तिचं बरं चाललं होतं, आणि ते ती मला ऐकवायचीही.

बेतण्याची तिची एक रीत होती. कागदी नमुना ती वापरायची नाही. माप घेतलं की खडूने थेट कापडावर रेघा मारायच्या, आणि मुंढ्याला कात्री लागली की ती न उचलता, न थांबवता पार दुसऱ्या टोकाला काढायची. मध्ये थांबलं की तिथे दात पडतो, म्हणायची, आणि मग तो काखेत टोचून टोचून बाईला माझी आठवण करून देतो. त्यामुळे आमच्या घरात नियम होता. आईने मुंढ्याला कात्री लावली की कुणी हाक मारायची नाही. दाराची बेल वाजली तर वाजवणाऱ्याने थांबायचं. बाबा पेपर वाचत असले तर पान उलटायचे नाहीत. सगळा मामला वीस सेकंदांचा, पण ते वीस सेकंद घर गप्प. रेघ संपली की आई श्वास सोडायची आणि म्हणायची, "हं, बोला आता."

बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली, जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मशीन आलं, कापायचं उंच टेबल आलं, शनिवारच्या तीन विद्यार्थिनीही आल्या. आई चौऱ्याहत्तरची. नवरा नोकरीसाठी हैदराबादला, महिन्यातून चार दिवस घरी. मी रोज सकाळी सातला खराडीची बस धरायची आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा कर्वेनगरात उतरायची. अख्खं शहर रोज दोनदा ओलांडायचं, ते सुद्धा मान वाकडी करून, बसच्या खिडकीला टेकून. घरी आले की मला माणसांशी बोलायची ताकद उरायची नाही. आईशी तर नाहीच. आईशी बोललं नाही तरी चालतं, असं आपण धरून चालतो.

व्हिडिओची कल्पना त्या विद्यार्थिनींची. "काकू, घरी गेलं की मुंढ्याचं वळण विसरायला होतं, व्हिडिओ करून द्या ना." आईने उडवून लावलं, पण तिला आवडलं होतं हे मला दिसलं. नवरा आठ दिवसांच्या रजेवर आला तेव्हा त्याच्या नव्याकोऱ्या फोनवर मी दोन सकाळी मिळून नऊ तुकडे टिपले. आई टेबलापाशी उभी, मी समोर, दोन्ही हातांनी फोन धरून. आणि इथे मी पहिली चूक केली. फोनमध्ये चित्राचा जो सगळ्यांत वरचा दर्जा होता तो निवडला. एकदाच होणारं काम आहे, तर चांगलं होऊ दे, असा साधा विचार. फोन गच्च भरला, म्हणून सगळे तुकडे जुन्या लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले आणि फोनवरून पुसून टाकले. नवरा फोन घेऊन हैदराबादला गेला. माझ्या जुन्या फोनला त्या फाइली उघडताच येईनात. ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरचं काही जोडायची परवानगी नव्हती. उरला तो घरचा लॅपटॉप, आणि तो असा धापा टाकत होता.

माझ्या दृष्टीने ही किरकोळ बाब होती. एडिटिंग करताना चित्र अडकत दाखवलं जातंय, शेवटी तयार होणारी फाइल व्यवस्थितच असणार, हे मला माहीत होतं. फक्त कुठे कापायचं, कुठे जोडायचं हे ठरवायला चित्र सलग दिसायला हवं ना, ते दिसत नव्हतं. मग दर रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसायची आणि एकेक इलाज करायची. प्लेबॅकचा दर्जा अर्ध्यावर आणला. मग पाववर. चित्र धुरकट झालं आणि धुरकट होऊन अडकायला लागलं. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले. चार्जर लावून पाहिलं, कारण बॅटरीवर असताना हे लॅपटॉप हात आखडता घेतात. डिस्कवरचे नवऱ्याचे जुने फोटो हलवून जागा केली. लॅपटॉप गरम होतो म्हणून खाली पोळपाट ठेवला. पोळपाटाने थोडा फरक पडला, निदान मला वाटलं तरी. फाइली ज्या बाहेरच्या डिस्कवर होत्या ती रडतरखडत चालणारी, म्हणून सगळं आत घेतलं, त्यात एक रविवार गेला. चौथ्या रविवारी मी सॉफ्टवेअरच काढून नव्याने टाकलं. कात्री अडकायची ती अडकतच होती.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. पहिल्या दोन रविवारी आई मागे येऊन उभी राहायची. तिसऱ्यापासून ती यायची बंद झाली. मला बरंच वाटलं. कुणी मागे उभं असलं की मला काम सुचत नाही.

पाचव्या आठवड्यात लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता.

"काकूंची तब्येत बरी आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे की. का?"

"नाही, माझं कापड परत दिलं त्यांनी. आणि शनिवारी मुलींनाही सांगितलं म्हणे, दुसरीकडे बघा म्हणून. म्हटलं, विचारावं."

मी वर आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. शनिवारी मी सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला जात होते त्या महिन्यात, म्हणून मुली येत नाहीत हे मला कळलंच नव्हतं. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"कापड परत का केलंस?"

"जमत नाही आता."

"काय जमत नाही?"

"तू बघितलंस की. इथे बसून रविवारचं तेच तर बघत असतेस." तिने एक काडी मोडली. "हात थांबतो माझा. आणि मला कळतसुद्धा नाही गं. मला वाटतं, सरळ चाललाय. थांबतो ते एक वेळ ठीक आहे, वय झालं. पण थांबलेला कळत नाही, हे वाईट. अशा हाताने मी लोकांची जरीची कापडं कापू?"

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणतेय. समजलं तेव्हा मी चिडले. चिडायचं काही कारण नव्हतं, पण दिवसभर दमलेल्या माणसाला राग लवकर सापडतो.

"अगं आई, तो लॅपटॉप अडकतो. हात नाही!"

"लॅपटॉप अडकला असता तर पंख्याचा आवाज थांबला असता," आई शांतपणे म्हणाली. "तो चालू होता. सगळा वेळ घुर्र चालू होता. टेबल जिथल्या तिथे, कापड जिथल्या तिथे. माझा हात तेवढा थांबत होता. आणि नीट होईल म्हणालीस, त्याला महिना झाला. झालं का?"

ऑफिसात माझ्या हाताखालच्या माणसांकडून मला इतकी स्वच्छ मांडणी क्वचित मिळते. चुकीची होती, पण पुराव्यानिशी होती. टेबल आणि कापड थांबलेलं दिसणार कसं? ती मुळात हलतच नव्हती. त्या चित्रात हलणारी गोष्ट एकच, तिचा हात. चित्र अडकलं की हातच अडकल्यासारखा दिसणार. आणि आवाजाचं ओझं हलकं असतं, ते लॅपटॉपला पेलतं, चित्राचं पेलत नाही. म्हणून आवाज आपला पुढे चालत राहतो आणि चित्र मागे रखडतं. हे सगळं मी तिला तिथेच उभं राहून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"असेल," ती म्हणाली.

आईचं "असेल" म्हणजे "नाही". चाळीस वर्षं ऐकतेय मी ते.

"मग आत्ता कापून दाखव मला."

"आत्ता तू समोर उभी आहेस, मी डोळे लावून बघतेय, आत्ता चालेलच हात. प्रश्न तो नाहीये."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. आईने एकदम हाताला दोष दिला नव्हता. आधी तिने कात्रीवर संशय घेतला. एका दुपारी ती एकटी बस धरून शनिवारवाड्यापर्यंत गेली, तिथून चालत कसबा पेठेत, तिच्या नेहमीच्या धारवाल्याकडे. त्याने कात्री उघडून मिटून पाहिली, एक चिंधी कापली आणि परत दिली. "कात्रीला धार आहे, आजी. हाताला धार लावायचं काम आम्ही करत नाही." त्याने नेहमीच्या तिरकसपणाने म्हटलं असणार, एरवी आईने त्याला सव्वाशेर सुनावलं असतं. त्या दिवशी ती काही न बोलता परत आली. मग तिने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तो तसाच होता. मग टेबलाखाली पुठ्ठा घालून उंची बदलून पाहिली. जी जी कारणं सुचतील ती एकेक करून बाद करत ती हातापर्यंत पोचली होती. मी रविवारी लॅपटॉपशी करत होते तेच ती आठवडाभर स्वतःशी करत होती, एकाच घरात, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली. राग त्याहून जास्त आला, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी हे सगळं एका सहकाऱ्याला सांगितलं. तो यवतमाळकडचा, माझ्याच वयाचा, शनिवार-रविवार लग्नांचे व्हिडिओ करून देतो हे मला माहीत होतं. पण आपला प्रश्न दुसऱ्याला विचारायचा म्हणजे मला कमीपणा वाटायचा, म्हणून पाच आठवडे मी गप्प होते. त्याने पोळीचा घास तसाच हातात धरून सगळं ऐकलं.

"काहून त्या लॅपटॉपचा जीव घेऊन राहिल्या मॅडम?" तो म्हणाला. "फोन काय करते, जागा वाचवाले पिक्चर एकदम कोंबून भरते. तुमच्या लॅपटॉपले एकेक चित्र उकलून दाखवा लागते. थो जुना, त्याले होत नाही. तुम्ही दर्जा पाव करा, नाही तं अजून कमी करा, उकलणं तं तेवढंच राह्यते ना."

"मग करायचं काय?"

"हलक्या नकला करा. सॉफ्टवेअरच करून देते. लहान साइजच्या, सैल भरलेल्या. कापाकापी नकलेवर करा. शेवटी फाइल बनवाच्या वेळी थे अस्सलवरूनच बनवते. सारे असंच करतात." मग घास तोंडात घालून म्हणाला, "पण वेळ लागते. सकाळी लावून द्या अन् ऑफिसले या."

संध्याकाळी मी आईला नकलांचं सांगायला लागले तर ती मध्येच म्हणाली, "म्हणजे वर्तमानपत्रावर बेतायचं आणि मग कापडाला कात्री लावायची. सरळ सांग की." मी म्हटलं, हो, तेच. पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिला ही रीत कळली होती, तिचा विश्वास बसला नव्हता. तिला चाललेला हात बघायचा होता.

सोमवारी सकाळी बस धरायच्या आधी मी नकला करायला लावल्या आणि आईला सांगितलं, झाकण मिटू नकोस. संध्याकाळी येऊन पाहते तर तिने टेबलाभोवती चार खुर्च्या लावून ठेवल्या होत्या, कामाच्या बाईंचा धक्का लागू नये म्हणून, आणि दुपारचं जेवण ओट्यापाशी उभ्यानेच उरकलं होतं. पाच नकला झाल्या होत्या. उरलेल्या मंगळवारी झाल्या.

पाहायला वेळ मिळाला तो रविवारीच. आई भाजीला गेली होती, म्हणून मी आधी एकटीने लावून पाहिलं. पहिला तुकडा सुरू केला आणि कात्री निघाली. काखेच्या खालून वर, वळणावर किंचित कलती होऊन खांद्यापर्यंत, कुठेही न अडता. पंख्याचा आवाज आणि हात बरोबर चालले होते. मी तो तुकडा चारदा पाहिला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चहा निवून गेला तरी मी तशीच बसून होते. एखादी गोष्ट दुरुस्त झाल्याचा इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

नवव्या तुकड्यात हात थांबला.

मी मागे जाऊन पुन्हा लावलं. पुन्हा थांबला, त्याच जागी, वळण संपायच्या जरा आधी. सुमारे दोन सेकंद. मग पुन्हा चालू लागला. पंखा चालूच होता. मी लॅपटॉप बंद करून चालू केला आणि पुन्हा पाहिलं. त्याच जागी. यातला अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती, हाच माझा धंदा. यंत्राला झेपत नसतं तेव्हा ते आज इथे अडकतं, उद्या तिथे. दर वेळी नेमकं एकाच जागी जे थांबतं ते यंत्रामुळे थांबत नाही. ते मुळातच तसं असतं.

म्हणजे आईचं बरोबर होतं. नऊपैकी एकदा का होईना, हात खरंच थांबला होता, आणि तिला ते कळलं नव्हतं. डोक्यात एकामागून एक येत गेलं. कुठला डॉक्टर, कुठल्या तपासण्या, रजा कशी काढायची, नवऱ्याला आत्ता सांगायचं की तो आल्यावर. ऑफिसात सॉफ्टवेअरची नवी मोठी आवृत्ती निघायची होती, त्यात हे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक क्षुद्र विचार होता, तो लिहून टाकते. मला वाटलं, आता हेही मलाच करावं लागणार. आधी हा विचार आला, आईची काळजी नंतर आली.

मग मी ते दोन सेकंद कापून टाकले. हात थांबतो तिथून पुन्हा निघतो तिथपर्यंत. जोड दिसू नये म्हणून मधे खडूच्या रेघेचं एक जवळून घेतलेलं चित्र घातलं. दहा मिनिटांचं काम, आणि इतकं सफाईदार झालं की मला स्वतःलाही शोधावं लागलं असतं. एकवीस वर्षं लोकांनी लपवलेले दोष मी उघडे पाडले आणि पहिल्यांदाच एक लपवला. डॉक्टरांचं नंतर बघू. आज तिला चालणारा हात दाखवायचा, एवढं मी ठरवलं.

आई आली, भाजीची पिशवी तिने दारातच ठेवली आणि हात धुऊन माझ्या शेजारी बसली. या वेळी मागे उभी राहिली नाही. मी पहिला तुकडा लावला. तिने चष्मा नीट केला. कात्री खालून वर गेली, आणि टेबलावर ठेवलेला आईचा हातही तिच्याबरोबर बोटभर सरकला. तुकडा संपला तेव्हा तिने श्वास सोडला.

"परत लाव."

मी लावला. मग दुसरा, मग पुढचे. तिची पाठ ताठ होत चालली होती. सहाव्याला म्हणाली, "ते कापड घसरडं होतं, तरी बघ." सातव्याला म्हणाली, "इथे मुलींना सांगायला हवं, कोपर टेबलाला लावायचं नाही." मी सगळ्याला हो हो म्हणत होते. नववा आला. खडूची रेघ जवळून दिसली, मग पुन्हा हात, मग खांद्यापर्यंत कात्री.

"इथलं काय काढलंस?" आईने विचारलं.

"कुठलं? काही नाही."

"इथे मी थांबले होते."

मी पडद्यावरचं चित्र थांबवलं.

"एकदाच थांबले होते सगळ्यात, मला चांगलं आठवतंय," आई म्हणाली. "म्हणून तर घाबरले ना मी. मला आठवत होतं एकदा, आणि त्या पडद्यावर बघावं तर दहादा."

"तुला आठवतंय? का थांबलीस?"

"तू झोपली होतीस."

"मी?"

"उभ्या उभ्या. हातात फोन तसाच, आणि डोळे मिटलेले. म्हटलं, पडते की काय आता टेबलावर. मग उघडलेस डोळे. मग मी कापलं पुढचं."

मी कापलेला तुकडा परत जोडला आणि लावला. आईचा हात वळणावर आला आणि थांबला. कात्री उघडी, कापडात तशीच. आणि त्याच वेळी चित्र हळूहळू डावीकडे कलत गेलं, टेबलाची कड तिरपी झाली, खालून टेबलाचा पाय दिसला, आणि मग एकदम दचकल्यासारखं सगळं सरळ झालं. हात पुढे निघाला. सकाळपासून मी हा तुकडा दहा-बारा वेळा पाहिला होता. तिचा हात तेवढा पाहिला होता. ती तिरपी होत जाणारी कड मला एकदाही दिसली नव्हती.

मला रडू आलं. आईने ते पाहिलं. पिशवी उचलून आत गेली, कोथिंबीर पाण्यात घातल्याचा आवाज आला, आणि मग ती आतूनच म्हणाली, "खालच्या बाईंना फोन कर. म्हणावं, कापड पाठवून द्या, साखरपुड्याला वेळ फार नाही. आणि ते बंद कर आता सगळं."

मी बंद केलं. कापड अर्ध्या तासात वर आलं, अंजिरी रंगाचं, जरीच्या काठाचं. आईने ते उंच टेबलावर पसरलं, हाताने सुरकुती काढली, खडू घेतला. मी दारात उभी राहून बघत होते.

"इथे काय उभी आहेस? जा, झोप जाऊन," ती म्हणाली. "मी मुंढा कापणार आहे."

मी आत जाऊन आडवी झाले. भिंतीपलीकडे खडू ठेवल्याचा आवाज आला, मग कात्रीचा. ती कुठे थांबते का, ते शेवटपर्यंत ऐकायचंच, असं मी ठरवलं होतं, पण मला झोप लागली.